कल्चरला फ्लुइड पाठवताय? मग फ्रीजचं दार उघडू नका

जे सँपल काढायला सगळ्यात अवघड तेच लॅबला सगळ्यात वाईट अवस्थेत येतं, हे मायक्रोबायोलॉजीत बसणारा कुणीही सांगेल. लघवीचं सँपल बिघडलं तर पेशंटला म्हणता येतं, मामा परत द्या. मणक्यातलं पाणी परत कोण देणार? आधीच नातेवाइकांना समजावता समजावता डॉक्टरांच्या नाकी नऊ आलेले असतात, कारण पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो हे शाहूवाडी-राधानगरीकडंच नाही तर राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये पण अजून ऐकायला मिळतं. तसं काही होत नाही. सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या नाहीतर चौथ्या-पाचव्या मणक्यामधून घालतात, मोठ्या माणसात मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, आणि पाणी म्हणाल तर शरीर तासाला साधारण २० मिली नवं तयार करतंच. हे नातेवाइकांना सांगा, निम्मी भीती तिथंच जाते.

हे सगळं लिहितोय ते कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत काम करणाऱ्या इंटर्न, सिस्टर, ब्रदर, डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या कोर्सची) पोरं आणि कलेक्शन सेंटरवाले यांच्यासाठी. सुई डॉक्टरच घालणार, ते मी शिकवत नाही. शरीरातलं पाणी, म्हणजे फ्लुइड, कल्चरला पाठवताना, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये प्लेटवर नाहीतर बॉटलमध्ये उगवून बघायला पाठवताना, सुईच्या आधी काय आणि सुईच्या नंतर काय, एवढंच सांगतो, कारण घोळ तिथंच होतो.

स्टराइल फ्लुइड म्हणजे ज्या जागी निरोगी माणसात एकपण जंतू नसतो तिथलं पाणी. मणक्यातलं सीएसएफ, छातीतलं प्लुरल, पोटातलं असायटिक, सांध्यातलं सायनोव्हियल, हृदयाभोवतीचं पेरिकार्डियल, आणि पोटाचं डायलिसिस चालू असेल तर ते बाहेर येणारं पाणी. इथं एक कॉलनी उगवली तरी तिला अर्थ असतो. अडचण अशी की कातडीवरचा जंतू सुईबरोबर आत आला तर तोपण उगवतो, आणि मग आम्ही आणि डॉक्टर दोघंपण डोकं खाजवत बसतो की हा खरा आजार का कातडीची घाण. दुसरी अडचण म्हणजे या पाण्यात जंतू लई कमी असतात. पोटाच्या पाण्याच्या इन्फेक्शनमध्ये कधी कधी एका मिलीत एखादाच जंतू सापडतो. तो एकटा जीव लॅबपर्यंत जिवंत पोचवायचा, एवढंच काम आहे.

पहिली गोष्ट, सँपल अँटिबायोटिकच्या आधी. डोस गेला की जंतू मरायला लागतात, मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस हा जंतू तर दोनेक तासांत कल्चरमधून गायब होतो. पण मेंदूज्वराचा संशय असेल आणि एलपीला (मणक्यातलं पाणी काढायला) उशीर होणार असेल, सीटीची लाइन आहे, डॉक्टर ओटीत अडकलेत, तर सँपलसाठी अँटिबायोटिक थांबवायचं नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. ब्लड कल्चर काढा, डोस द्या, एलपी नंतर होऊ दे. फॉर्मवर कुठलं औषध किती वाजता दिलं ते लिहा, आम्ही त्या हिशोबानं बघतो. बाहेरगावच्या डॉक्टरनं आधी दिलेल्या गोळ्यापण विचारून घ्या. गावातनं आलेला पेशंट ‘काय घेतलं नाही’ म्हणतो आणि पिशवीत दोन स्ट्रिप अँटिबायोटिकच्या निघतात.

दुसरी गोष्ट, सुई हातात घ्यायच्या आधी ट्रेमध्ये सगळं मांडून घ्या. फ्लुइड निघायला लागल्यावर ‘मावशी तेवढा एक बल्ब (सँपलची छोटी नळी) आणा’ ही धावपळ झाली की हाताला लागेल त्यात पाणी भरलं जातं. कल्चरसाठी स्क्रू टोपणाचा स्टराइल कंटेनर, कोरडा, आत काही नसलेला. लाल बल्बमध्ये क्लॉट अॅक्टिव्हेटर (रक्त लवकर गोठवणारा पदार्थ) असतो, तो कल्चरचा नाही. जांभळा ईडीटीए बल्ब पेशी मोजायला, करडा फ्लोराइड बल्ब शुगरला. ईडीटीए कल्चरला चालत नाही, तो काही जंतूंना मारतो. आणि फॉर्मॅलिन, बाबांनो, फॉर्मॅलिन हे बायोप्सीचं पाणी आहे. फॉर्मॅलिनमध्ये आलेल्या फ्लुइडचं कल्चर लावणं म्हणजे वेळ आणि पैसे वाया, त्यात काहीच जिवंत राहत नाही. बरेचदा ओटीत दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसायला सेम, म्हणून वास घेत बसू नका, लेबल वाचूनच भरा.

कातडी साफ करणं. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल नाहीतर पोव्हिडोन आयोडीन, तुमच्याकडं जे आहे ते, पण खरं काम वाळण्यात आहे. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल अर्ध्या मिनिटात वाळतं, पोव्हिडोनला दीड-दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं कुणालाच धीर नसतो, लगेच गॉजनं पुसून सुई घालायची घाई. ओलं असताना पुसलं तर जंतू मरायच्या आधीच औषध निघून जातं. एलपीला क्लोरहेक्सिडिन वापरलं तर पूर्ण वाळू द्याच, कारण ते आत मज्जातंतूंपर्यंत जाणं चांगलं नाही. साफ केलेल्या जागी परत बोट लावायचं नाही, लावायचंच असेल तर स्टराइल ग्लोव्हजचं. जिथं कातडी लाल सुजलेली, पू झालेला, तिथनं सुई घालायची नसते, बाहेरचं इन्फेक्शन आत ढकलल्यासारखं होतं.

आता एकेक फ्लुइड, आणि सीएसएफवर जरा जास्त वेळ घालवतो.

सीएसएफ तीन बल्बमध्ये घ्यायची पद्धत आहे. पहिला बायोकेमिस्ट्रीला, दुसरा मायक्रोबायोलॉजीला, तिसरा पेशी मोजायला. कारण साधं आहे, पहिल्या थेंबांबरोबर कातडीचे जंतू आणि सुईनं फुटलेल्या नसेचं रक्त यायची शक्यता जास्त, म्हणून पहिला बल्ब कल्चरला देऊ नका. नंबर घाला बल्बवर, १-२-३. रक्ताळ पाणी पहिल्या बल्बमध्ये जास्त आणि तिसऱ्यात कमी असेल तर बहुतेक ते सुईचंच रक्त, पण नंबरच नसेल तर आम्ही कशाशी तुलना करणार? एकच बल्ब भरेल एवढंच पाणी निघालं तर तो आधी मायक्रोबायोलॉजीला पाठवा, आम्ही त्यातनं काढून बाकीच्यांना देतो. साध्या बॅक्टेरियाला १ मिली लागतं, बुरशीला २ तरी, आणि टीबीचा संशय असेल तर ५ ते १० मिली, कारण टीबीचे जंतू इतके विरळ असतात की अर्ध्या मिलीत मिळणं नशिबाची गोष्ट. चार थेंबांवर बॅक्टेरिया, टीबी, फंगस, व्हायरस सगळं टिकमार्क करून पाठवायचं आणि वर लॅबला म्हणायचं निदान होत नाही, हे बरोबर नाही. थोडंच पाणी असेल तर डॉक्टरना विचारून फॉर्मवर लिहा आधी काय बघायचं. आणि त्याच वेळी रक्तातली शुगर पण काढा, सीएसएफची शुगर रक्ताच्या साधारण दोन तृतीयांश असते, नुसता सीएसएफचा आकडा घेऊन काय समजत नाही.

आणि आता फ्रीज. दूध नासू नये म्हणून फ्रिजात टाकतो ना, तीच सवय सँपलला लागते, सँपल ‘नासू नये’ म्हणून फ्रिजात. मेंदूज्वराचे जे नेहमीचे जंतू, मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस, हिमोफिलस, हे थंडीला लई नाजूक, फ्रिजात गेले की मेले. लसीच्या कॅरिअरमधनं आइसपॅकमध्ये गुंडाळून आलेला सीएसएफ आम्ही हातात घेतो तेव्हा बल्बवर बाहेरनं दव साचलेलं असतं, लेबलची शाई पसरलेली असते, आणि काचेतनं पाणी गढूळ दिसत असतं, म्हणजे पेशी आहेत, आजार आहे, पण कल्चरला काही उगवेल ही आशा सोडायची. रूम टेंपरेचरला ठेवा, हातानं उचला आणि चालत या, तासाच्या आत. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण पेशीपण थांबत नाहीत, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दोन तासांत जवळजवळ निम्मे फुटून जातात आणि काउंट खोटा कमी येतो. फक्त व्हायरसच्या पीसीआरला (जनुकावरनं व्हायरस शोधायची टेस्ट) वेगळा काढलेला बल्ब फ्रिजात चालतो, २ ते ८ डिग्रीला, तो आधीच बाजूला करा आणि त्याच्यावर तसं लिहा.

पोटाचं पाणी. लिव्हरचा पेशंट, पोट फुगलेलं, ताप, थोडा गोंधळल्यासारखा, अशात टॅपिंग करतात, म्हणजे सुईनं पोटातलं पाणी काढतात. इथं कंटेनरमध्ये भरून पाठवण्यापेक्षा पेशंटच्या शेजारीच ब्लड कल्चर बॉटलमध्ये (आत जंतू वाढवणारं लिक्विड असतं) १० मिली पाणी घालायचं, हे एक काम केलं तरी कल्चर पॉझिटिव्ह यायचं प्रमाण साधारण निम्म्यावरून ८० टक्क्यांच्या आसपास जातं. तासाभरानं लॅबमध्ये आणून आम्ही बॉटलमध्ये घातलं तर तो फायदा बराच हुकतो. पण सगळं पाणी बॉटलमध्ये ओतून मोकळं होऊ नका. ईडीटीएत थोडं पेशींना, स्टराइल कंटेनरमध्ये थोडं ग्राम स्टेनला (रंग देऊन जंतू मायक्रोस्कोपखाली बघायला) ठेवाच, कारण बॉटलमधल्या लिक्विडमुळं काउंट करता येत नाही, आणि एका घन मिलिमीटरला न्यूट्रोफिल २५० किंवा जास्त असले तर डॉक्टर कल्चरची वाट न बघता उपचार चालू करतात. म्हणजे पहिल्या दिवशी काउंटच कामाचा.

बॉटल वापरताना टोपण उचललं की खालचं रबर स्टराइल आहे असं समजू नका, ते ७० टक्के अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या. आयोडीन रबरवर लावायचं नाही, रबर खराब होतं. सिरिंजनं भरताय तर आधी अॅनएरोबिक (हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंची बॉटल), मग एरोबिक (हवेत वाढणाऱ्यांची), म्हणजे सिरिंजमधली हवा अॅनएरोबिकमध्ये जात नाही. कल्चरचं मशीन बॅक्टेक असो का बॅक्टअलर्ट, बारकोडवर पेशंटचं स्टिकर चिकटवू नका, मशीनला तो वाचावा लागतो, आणि ते चिकटलेलं स्टिकर नखानं खरवडत आमची अर्धी ड्यूटी जाते. भरलेली बॉटलपण फ्रिजात नाही. रूम टेंपरेचर. जमेल तितक्या लवकर मशीनमध्ये.

छातीतलं पाणी. डॉक्टर बरगडीच्या वरच्या कडेला धरून सुई घालतात कारण खालच्या कडेला नस आणि रक्तवाहिन्या असतात, ते त्यांचं काम. तुमचं काम पाणी भरपूर घेणं, ५० मिली मिळालं तर बेस्ट. आपल्याकडं छातीत पाणी म्हटलं की आधी टीबी आठवतो, म्हणून एडीएला, सीबीनॅटला (दोन्ही टीबीच्या टेस्ट), कल्चरला, सायटॉलॉजीला (पेशी बघायला) सगळीकडं वाटून जातं. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं छातीच्या पाण्यात म्हणता येत नाही, तिथं तो टेस्ट बरेचदा चुकवतो, म्हणून टीबीचं कल्चरपण लावा. पू झाल्याचा संशय असेल तर पीएच बघायला हेपरिनच्या एबीजी (रक्तातले गॅस तपासायच्या) सिरिंजमध्ये हवा न राहू देता वेगळं घ्या. आयसीडी (छातीतलं पाणी काढायची नळी) टाकून चार दिवस झालेत आणि आता त्या बॅगेतनं पाणी काढून कल्चरला पाठवलं, हे चालत नाही. बॅगेत जे उगवलंय ते बॅगेचं, छातीचं नाही.

सांधा. डावा का उजवा ते लिहा. काउंटला ईडीटीए, क्रिस्टलला सोडियम हेपरिन, लिथियम हेपरिन नको, त्याचे स्वतःचेच क्रिस्टल होतात आणि गाउट (क्रिस्टल साचून सांधा सुजायचा आजार) आहे का काय असा घोळ होतो. लहान पोराचा गुडघा असेल तर थोडं पाणी ब्लड कल्चर बॉटलमध्ये घालाच, किंगेला नावाचा एक जंतू साध्या प्लेटवर सहसा उगवत नाही, बॉटलमध्ये मिळतो. बदललेला सांधा असेल, कृत्रिम गुडघा किंवा खुबा, तर फॉर्मवर ठळक लिहा, मग आम्ही प्लेट १४ दिवस ठेवतो. नाही लिहिलं तर पाच दिवसांत टाकून देऊ.

पेरिकार्डियल कार्डिओलॉजिस्ट इकोखाली काढतात, पाणी थोडं आणि मौल्यवान, नियम तेच.

पोटाच्या डायलिसिसचा पेशंट गढूळ पिशवी घेऊन येतो, बरेचदा गडहिंग्लज-आजऱ्याकडनं येताना एसटीत मांडीवर घेऊन. त्यांना आधीच सांगून ठेवा, गढूळ दिसलेली पिशवी ओतून टाकायची नाही, क्लॅम्प लावून अख्खी आणायची. लॅबमध्ये त्यातलं ५० मिली सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ घेतला की जंतू मिळायची शक्यता खूप वाढते, तुम्ही सिरिंजनं २ मिली काढून पाठवलं तर ते होत नाही.

स्वॅब पाठवू नका. पाच मिली पाणी हातात असताना त्यात कापूस बुडवून तेवढाच पाठवायचा, याला काय म्हणायचं. सुई लावलेली सिरिंज तशीच पाठवू नका, उचलणाऱ्या मामाच्या हातात घुसते, आम्ही ती रिजेक्ट करतो आणि करणारच.

लेबल. डब्यावर लावा, टोपणावर नको, टोपण उघडलं की नाव टोपणाबरोबर गेलं. पूर्ण नाव, आयपी (अॅडमिशनचा) नंबर, कुठलं फ्लुइड, तारीख, वेळ. कोल्हापुरात एका वॉर्डात दोन पाटील असणं म्हणजे रोजचंच, त्यात नुसतं ‘पाटील’ आणि ‘फ्लुइड’ एवढं लिहिलेला बल्ब आला की फोनाफोनी सुरू. पेशंटच्या शेजारी उभं राहूनच लेबल लावा, टेबलवर जाऊन सगळ्यांची एकदम नको. फॉर्मवर आजाराचा संशय, अँटिबायोटिक, आणि डोक्यात व्हीपी शंट (मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी नळी) असेल तर तो. शंट महत्त्वाचा, कारण कातडीवरचा स्टॅफ नावाचा जंतू एरवी आम्ही घाण म्हणून बाजूला ठेवतो, शंटच्या पेशंटमध्ये तोच खरा गुन्हेगार असतो.

पाठवणं. शहरात काही अडचण नाही, शाहूपुरीतनं दसरा चौकात सीपीआर हॉस्पिटलला यायला ट्रॅफिक धरून कितीसा वेळ लागतो. टोपण घट्ट, डबा झिप पिशवीत, त्यात शोषून घ्यायला कापूस, मग बाहेरचा कडक डबा उभा, आणि फॉर्म बाहेरच्या कप्प्यात, आत नको, सांडलं की फॉर्म भिजतो आणि मग तो हातात धरायला कुणी तयार नसतं. खरा प्रश्न चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीचा, आणि त्यात पावसाळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं सरकली की आसपासचे रस्ते बंद पडायला लागतात, २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ हायवेच बंद होता. अशा दिवसांसाठी तालुक्याला ब्लड कल्चर बॉटल आधीच आणून ठेवा, एक्सपायरी बघून. पोटाचं, छातीचं, सांध्याचं पाणी काढल्या काढल्या बॉटलमध्ये. शिवाय नव्या स्वच्छ काचेच्या स्लाइडवर एकेक थेंब पसरून दोन स्मिअर हवेत वाळवा, नाव घाला. वाळलेली स्लाइड रस्ता उघडेपर्यंत थांबते, ग्राम स्टेन दुसऱ्या दिवशी केला तरी जंतूचा आकार-रंग दिसतो. पेशींचा काउंट आणि शुगर जागेवरच करून टाका. आणि सीएसएफचं काय करायचं ते निघायच्या आधी लॅबला फोन करून विचारा, गाडी घाटात असताना नको.

सांडलं तर आधी ग्लोव्हज, मग वर टिशू किंवा कापड, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट, निदान २० मिनिटं, मग पुसा. सुई पांढऱ्या पंक्चर-प्रूफ डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, भिजलेला कापूस पिवळ्यात, काच निळ्यात, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमाप्रमाणं. सुईला परत टोपण घालू नका.

रिपोर्टचं. ग्राम स्टेन तासाभरात होतो आणि सीएसएफमध्ये जंतू दिसला की आम्ही लगेच फोन करतो. प्लेटवर पहिली ग्रोथ साधारण दुसऱ्या दिवशी दिसते, बॉटल मशीनमध्ये पाच दिवस, टीबीचं लिक्विड कल्चर ४२ दिवस आणि एलजे (घट्ट माध्यमावरचं कल्चर) ८ आठवड्यांपर्यंत. म्हणून टीबीच्या पेशंटला डिस्चार्ज देताना रिपोर्ट कधी आणि कुठनं न्यायचा ते केसपेपरवर लिहून द्या. आणि फॉर्मवर वॉर्डचा लँडलाइन नको, तो रात्री दोनला कुणी उचलत नाही, ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरचा मोबाइल लिहा.